नीलम्माची जबानी

"मास्तर, मग तुम्हीच शपथ घ्या," असं साहेब म्हणाले तेव्हा मुकुंद मास्तरांनी आधी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून ते शेवटच्या बाकावर येऊन बसले होते ते नुसतं बसायला. साक्षीला येणाऱ्या बाईला ओळखीचं एक तोंड दिसलं तर ती बिचकणार नाही, एवढंच एकनाथनं सांगितलं होतं. कचेरीचा नेहमीचा दुभाषी तापानं पडला होता. दावा ऐकणारे साहेब गुजराथकडचे, त्यांना मराठी चांगलं कळे, कानडी मुळीच नाही. तारीख पुढे ढकलावी लागणार असं दिसताच एकनाथराव वकील उठले आणि मास्तरांकडे हात करून म्हणाले, या गृहस्थांना कानडी घरच्यासारखं येतं. गिरणीच्या वकिलांनी चष्म्यावरून मास्तरांना न्याहाळलं, खांदे उडवले आणि हरकत नाही म्हणाले. पट्टेवाल्यानं मास्तरांना पुढे नेऊन उभं केलं. जे ऐकीन तेच सांगीन, पदरचं काही घालणार नाही, त्यातलं काही गाळणार नाही. त्यांनी शब्दामागून शब्द म्हटले. शपथ संपली तरी 'पदरचं' हा शब्द त्यांच्या जिभेवर तसाच राहिला. आपण बाहेरच्या लिंबाखाली थांबलो असतो तर, असं त्यांच्या मनात आलं. पण तोवर नीलम्माला पुकारलं होतं, आणि डोक्यावरचा इरकली पदर घट्ट धरून ती पिंजऱ्यात चढत होती.

घरच्यासारखं येतं, हे खरंच होतं. पण घरातलं कानडी मास्तर कधी मोठ्यानं बोललेच नव्हते. ती त्यांच्या आईची भाषा. आई अक्कलकोटच्या बाजूची, लग्न होऊन सोलापुरात आली ती मराठी घरात. तिच्या मराठीत माणसं 'येतं' आणि भांडी 'येतो'. मग पंक्तीला बसलेली मंडळी हसत, आणि तिला मुद्दाम दोनदा बोलायला लावत. पुढे पुढे ती बोलेनाशीच झाली. चुलीपुढे बसून, माजघरापर्यंत आवाज जाणार नाही अशा बेतानं, ती फक्त मुकुंदाशी कानडी बोलायची. त्यामुळे कानडी म्हणजे धूर, चुलीची धग आणि खाली आणलेला आवाज, असंच त्यांच्या अंगात मुरलं होतं. शाळेत जायला लागल्यावर त्यांनी ती भाषा अंगरख्याच्या आत घालावी तशी लपवली. आई गेली तेव्हा ते पुण्याला कॉलेजात होते. आल्यावर कळलं, शेवटच्या दुखण्यात ती सारखी 'उरि, उरि' म्हणत होती. काकांनी डॉक्टरांना सांगितलं, उरात दुखतंय म्हणते. डॉक्टरांनी छाती तपासली, छातीचं औषध दिलं, छाती शेकायला सांगितली. कानडीत उरि म्हणजे आग. तिच्या पोटात आग पडली होती. औषध बदललं असतं तर ती वाचली असती का, हे कुणालाच सांगता आलं नसतं, आणि काकांनी तरी कानानं ऐकलं तेच सांगितलं होतं. त्यात कुणाचा दोष काढायचा? पण तेव्हापासून एखादा शब्द दोन्ही भाषांत सारखा वाजला की मास्तरांच्या पाठीवरून काहीतरी सरकत जाई.

एकनाथ त्यांचा शाळेतला सोबती. वकिलीत त्याचं बस्तान चांगलं बसलं होतं. घरांचे, वाटण्यांचे दावे भरपूर येत. पण कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा नवा निघाला तसा त्याला त्याचा नादच लागला. गिरणीत माणूस मेला की त्याची बायको छाती पिटून गावाकडे परत जायची आणि माणसं भरणारा जॉबर दुसऱ्या दिवशी त्या जागी दुसरा माणूस उभा करायचा, हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. "आता कायदा आहे मुकुंदा," तो टेबलावर हात आपटून म्हणे, "आता मेलेल्या माणसाबद्दल मालकाला विचारता येतं." असल्या दाव्यांत तो फी घेत नसे. महिन्यापूर्वी त्यानं मास्तरांना बोलावून घेतलं. ओसरीवरच्या त्याच्या ऑफिसात जमिनीवर एक बाई बसली होती, कपाळावर विभूतीचे पुसट पट्टे, केसांत कुठंकुठं कापसाची तुसं. तिचा नवरा शिवप्पा गिरणीच्या पिंजण खात्यात तेलवाला होता. साचे चालू असताना वरच्या फिरत्या दांड्याला तेल घालायला शिडीवर चढला, धोतराचा सोगा पट्ट्यात गेला, आणि पट्टा थांबेपर्यंत शिवप्पात काही उरलं नव्हतं. गिरणीचं म्हणणं असं, की चालू साच्यावर तेल घालायचं नाही असा नियम आहे, आणि मुख्य म्हणजे हा इसम दारूच्या अमलात होता. दारूच्या अमलात अपघात झाला तर मालकावर जबाबदारी नाही, असं कायद्यातच लिहिलेलं. एकनाथ म्हणाला, "नियमाचं मी बघतो. साचे बंद केले की जॉबर शिव्या देतो, हे शेंबडं पोरही सांगेल. माझं सगळं घोडं अडलंय ते दारूपाशी."

मग मास्तरांनी तिला विचारलं होतं, हळूच, चुलीपुढच्या आवाजात. आणि ती बोलली होती. आपल्या भाषेत कुणी विचारतंय म्हटल्यावर ती जी सुटली, ती पार शिवप्पा गाव सोडून आला तिथपासून. पगाराच्या दिवशी तो थोडी घ्यायचा, हेही तिनं लपवलं नाही. मास्तरांनी ते सांगितलं तसा एकनाथ खुर्चीत मागे रेलला. "हे एवढं कोर्टात नको. तिला सांग, विचारलं तर नाही म्हणायचं." मास्तरांनी तिला काय सांगितलं? विचारतील त्याचं खरं उत्तर द्या, घाबरू नका, एवढंच. का, ते त्यांना तेव्हा कळलं नव्हतं. तिच्या तोंडात खोटं घालायचं तर ते आधी आपल्या तोंडातून जाणार, याची किळस आली असावी. मग त्या सकाळची गोष्ट निघाली. ती म्हणाली, "कुडदु होद्रु," आणि तिथंच थांबली, फरशीकडे बघत बसली. मास्तर एकनाथला म्हणाले, "सकाळी अंबील पिऊन गेला." त्या बाजूची माणसं सकाळी दुसरं काय पितात? आईसुद्धा सकाळी असंच म्हणायची, कुडदु होगु, पिऊन जा. एकनाथनं मान डोलावली आणि पुढचा प्रश्न घेतला.

आता पिंजऱ्याजवळ उभं राहून तिचं नाव, गाव, जात, वय एका भाषेतून दुसरीत नेताना मास्तरांना स्वतःचा आवाज परका वाटत होता. पंखा ओढणारा बाहेर दोरी ओढत होता आणि गरम हवाच इकडून तिकडे जात होती. गिरणीच्या बाजूच्या बाकावर बाळासो बसला होता, शिवप्पाच्याच खात्यातला. त्याची जबानी मघाशी झाली. त्यानं सांगितलं होतं, तोंडाला वास येत हुता. एकनाथनं उलटतपासणीत खोदखोदून विचारलं, कशाचा वास? तेव्हा तो बाकावरच्या जॉबरकडे बघत म्हणाला, "आता तेलाचा का दारूचा, त्या गर्दीत काय कळतंय जी. वास हुता एवढं खरं." मग सुटी झाली तेव्हा ओवरीत तो मास्तरांच्या जवळून गेला, गेला तो परत आला. "मास्तर, माजी बी पोरंबाळं हायती की," असं पुटपुटला आणि उत्तराची वाट न बघता नळाकडे निघून गेला. मास्तरांना त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. तोही कुणाचं तरी वाक्य आपल्या तोंडानं बोलून आलेला होता.

"त्या दिवशी मी घरीच होते," मास्तर म्हणाले, आणि मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. मिशीवाला माणूस 'होते' म्हणत होता. मास्तरांचे कान तापले. ती पंक्ती, ते हसणं, आईचा उतरलेला चेहरा क्षणभर त्या खोलीत येऊन गेला. साहेबांनी वर न बघता म्हटलं, "बाई बोलते तसंच सांगा, मास्तर." आणि लिहू लागले. तेव्हा ते तसंच सांगत गेले. मी पाणी भरून आले. मी त्यांना हाक मारली. माझं लेकरू आजारी होतं. थोड्या वेळानं कुणी हसेनासं झालं, आणि मास्तरांनाही 'मी' म्हणताना आपण कुणाला म्हणतो याचा विसर पडू लागला. ते बरं नव्हतं. अशा विसरातच पाय घसरतो, असं त्यांना वाटलं, आणि ते पुन्हा ताठ उभे राहिले.

गिरणीचे वकील उठले. सावकाश, कोट सारखा करत. आवाज अगदी मऊ.

"बाई, तुझा नवरा दारू पीत असे का?"

मास्तरांनी विचारलं. एकनाथ समोरच्या कागदांकडे बघत होता, पण त्याचा सगळा जीव कानात होता. मास्तरांना ते न बघताच कळत होतं. नीलम्मानं मास्तरांकडे पाहिलं. खरं सांगा असं म्हणणारा हाच माणूस, अशी ती नजर होती. "कुडितिद्रु," ती म्हणाली, पीत असत. "पगार झाला की. मग घरी येऊन झोपत. मला हात लावला नाही कधी." मास्तरांनी अक्षरन् अक्षर सांगितलं. एकनाथच्या हातातली पेन्सिल थांबली.

"आणि ज्या दिवशी मेला, त्या दिवशी सकाळी घरून निघाला तो कसा?"

तिचा हात कठड्यावर होता. तो तिनं काढून पदराखाली घेतला. मग म्हणाली, "कुडदु होद्रु." आणि ऑफिसात थांबली होती तशीच, त्याच जागी थांबली.

मास्तरांनी तोंड उघडलं. अंबील पिऊन गेले, हे वाक्य तयारच होतं, महिनाभर तयार होतं. आणि ओठापर्यंत आलेलं ते वाक्य त्यांनी तसंच धरून ठेवलं, कारण त्यांच्या ध्यानात आलं की अंबील हा शब्द नीलम्मानं कधी उच्चारलाच नव्हता. आताही नाही आणि त्या दिवशी ऑफिसातही नाही. तो त्यांनीच घातला होता. पदरचा. आईच्या चुलीवरचं मडकं उचलून त्यांनी या बाईच्या घरात नेऊन ठेवलं होतं. मग शिवप्पा काय पिऊन गेला होता? ती दोन्ही वेळा इथंच का थांबली? लेकरू आजारी, रात्रभर जागरण, सकाळी उठून त्यानं गुत्त्यावरून घोटभर आणली असेल तर? आणि नसेल तर? नुसतं 'पिऊन गेले' म्हणावं तर ते अगदी जसंच्या तसं होतं, शपथेला धरून होतं, आणि खोटं होऊ शकत होतं. मराठीत पिऊन गेला म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही. काकांनीसुद्धा अक्षर बदललं नव्हतं. उरि म्हणाली, उरी सांगितलं.

"काय म्हणाली?" साहेबांनी विचारलं.

"पिऊन गेले, असं म्हणाली," मास्तर म्हणाले. आपला आवाज त्यांना फार लांबून आला. खोलीत कुजबुज उठली. गिरणीचे वकील जवळजवळ प्रेमानं हसले आणि म्हणाले, "मला आणखी काही विचारायचं नाही," आणि बसूसुद्धा लागले.

"पण साहेब," मास्तर म्हणाले, "तिनं काय पिऊन ते सांगितलेलं नाही."

गिरणीचे वकील अर्धे बसले होते ते उठले. दुभाष्यानं दुभाष्याचं काम करावं, तो साक्षीदार नाही, वकील तर नाहीच नाही. शिवाय हे गृहस्थ पलीकडच्या वकिलांचे स्नेही आहेत असं कळतं. त्यांचा मऊ आवाज आता राहिला नव्हता. मास्तरांनी आयुष्यात कुणा मोठ्या माणसाला उलट उत्तर दिलं नव्हतं. ते साहेबांकडे वळले. "कानडीत पाण्यालाही तेच म्हणतात, ताकालाही तेच, पेजेलाही तेच," ते म्हणाले. "मराठीत तो शब्द एकटा ठेवला की त्याचा अर्थ एकच होतो. मी तो एकटा ठेवला तर ते तिचं बोलणं राहत नाही. म्हणून सांगितलं. तिला काय म्हणायचंय ते मला ठाऊक नाही, साहेब. खरंच नाही."

शेवटचं वाक्य ऐकून एकनाथनं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता. ठाऊक नाही? महिनाभर तो अंबिलीवर विसंबून होता. उठून फेरतपासणीत त्यालाच विचारता आलं असतं, काय पिऊन. तो उठला नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नाही तो आपल्या साक्षीदाराला विचारायचा नसतो, हे त्यानंच कधीतरी मास्तरांना हसत हसत सांगितलं होतं. त्यानं नुसती मान हलवली, अगदी बारीक. नको. राहू दे. संशयावर भांडता येईल, उत्तरावर नाही. मास्तरांना ते कळलं आणि त्याच क्षणी साहेब म्हणाले, "बरोबर आहे. विचारा तिला."

तेव्हा मास्तरांनी विचारलं. पण चुलीपुढच्या आवाजात नाही. साऱ्या कचेरीला ऐकू जाईल अशा मोठ्या, स्वच्छ कानडीत त्यांनी विचारलं, "बाई, काय पिऊन गेले?"

नीलम्मा त्यांच्याकडे बघतच राहिली. हे विचारायला एवढी माणसं का थांबलीत, ते तिला उमगत नसावं. मग तिचा चेहरा हलला, जुन्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा, आणि ती बोलू लागली. साहेबांकडे नाही, मास्तरांकडेही नाही, कठड्याच्या लाकडाशी बोलत होती. ती थांबली की मास्तर बोलत, मास्तर थांबले की ती. शेवटी शेवटी दोन्ही आवाज एकमेकांच्या पाठोपाठ इतके जवळ येऊ लागले की कोणतं कुणाचं ते कळेना.

"अंबील पिऊन गेले," मास्तर सांगत होते. "ज्वारीचं पीठ संपलं होतं. मडक्यात दोघांपुरती अंबील होती. मी लेकराला मांडीवर घेऊन बसले होते. भोंगा झाला म्हणून ते घाईघाईनं उभ्यानंच प्यायले. सगळी प्यायले. मडकं खाली ठेवलं तेव्हा मी बघितलं. मला राग आला. मी रात्रीपासून उपाशी होते. मी म्हणाले, माझ्या वाट्याचीही ढोसलीत, आता तरी पोट भरलं का तुमचं. ते काही बोलले नाहीत. दारात जरा थांबले, आणि गेले. हे मी कुणाला सांगितलं नाही. माझं त्यांच्याशी तेवढंच बोलणं झालं."

पंखा कुरकुरत होता. साहेबांची लेखणी मधेच कुठेतरी थांबली होती. मास्तरांना कळलं की आपण कठडा धरलाय, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर, आणि आपल्या गालावरून काहीतरी ओघळतंय. ते त्यांनी पुसलं नाही. पुसलं असतं तर तेही पदरचं झालं असतं. बाळासो उठून बाहेर निघून गेला. गिरणीचे वकील आणखी काही विचारणार होते, पण त्यांनी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं नाही.

बाहेर लिंबाखाली एकनाथनं त्यांना गाठलं. "तू मला मारलं होतंस," तो म्हणाला. "अंबील तुझ्या डोक्यातली होती, आणि मला तू सांगतोस कधी, तर कोर्टात! ती दारू म्हणाली असती तर?"

"तर मी दारू सांगितलं असतं," मास्तर म्हणाले.

एकनाथनं खिशातून रुमाल काढून त्यांच्या हातात दिला आणि टांगा बघायला गेला. त्या संध्याकाळी घरी प्रभाताईंनी नवऱ्याला दोनदा विचारलं, काय झालं कचेरीत? मास्तर म्हणाले, काही नाही, दुभाषी आला नव्हता. पण नंतर कितीतरी दिवस, सकाळी शाळेला निघताना, ते दारात जरा थांबत आणि बायको काही बोलते का ते ऐकत. तिला वाटे, काहीतरी विसरलंय. "छत्री का?" ती आतून विचारी.

पावसाळा सरता सरता निकाल लागला. नीलम्माच्या बाजूनं लागला. शिवप्पा दारूच्या अमलात होता याला पुरावा नाही, चालू साच्यावर तेल घालायचा हुकूम जॉबरचाच होता, असं साहेबांनी लिहिलं होतं. गिरणीनं अपील केलं नाही. एकनाथनं निकालाची नक्कल मास्तरांना ओसरीवर वाचून दाखवली, इंग्रजीतून, ऐटीत, आणि म्हणाला, तिला तूच सांग जा. मला बघितलं की ती नुसत्या पाया पडते.

मंगळवार पेठेच्या मागं एका बोळात ती राहायची. एका तेलुगू विणकराच्या घरी सुताच्या कांड्या भरायचं काम तिनं धरलं होतं. मास्तर गेले तेव्हा ती दारातच रहाटापुढे बसली होती, आणि लेकरू, आता बरंच सुधारलेलं, सुताच्या लडीशी खेळत होतं. मास्तरांनी निकाल सांगितला. पैसे कचेरीत राहतील, दर महिन्याला अंगठा देऊन न्यायचे, वकील सोबत येतील, सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. रहाट थांबवला नव्हता तो आता थांबवला.

"साहेबानं माझं बोलणं लिहिलं का?" तिनं कानडीत विचारलं.

"लिहिलं की. सकाळी अंबील पिऊन कामावर गेला, असं लिहिलंय."

"ते नाही. मी त्यांना काय बोलले ते."

नक्कल मास्तरांनी नंतर स्वतःही दोनदा वाचली होती. ते त्यात नव्हतं. दाव्याला त्याची गरज नव्हती; कुणी काय प्यायला एवढंच कायद्याला हवं होतं. हो म्हणावं की नाही? लिहिलं नाही हे ऐकून तिचा जीव हलका होईल की तिला वाटेल, सगळ्यांसमोर एवढं बोलून आपलं बोलणं वाऱ्यावर गेलं? तिच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. क्षणभर त्यांना वाटलं, इथं शपथ नाही, साहेब नाही, तिला बरं वाटेल ते सांगावं. पण कशानं बरं वाटेल तेच त्यांना ठाऊक नव्हतं.

"नाही लिहिलं," ते म्हणाले.

तिनं मान हलवली. लेकराच्या हातातली गुंतलेली लड सोडवून घेतली, तिचं टोक शोधलं, ते कांडीला लावलं.

"म्हणजे मग ते तुमच्यापाशीच राहिलं," ती म्हणाली.

मास्तर चप्पल घालून बोळात उतरले. मागे रहाट पुन्हा फिरू लागला होता.